शनिवारचा फळा

मला हिब्रू लिहिता येतं. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. वाचता येतं म्हणणं धाडसाचं होईल आणि कळतं म्हणणं तर सरळ खोटं. पण लिहिता येतं. उजवीकडून डावीकडे, ठळक, मागच्या बाकावरून दिसेल असं. संस्कृतच्या मास्तरानं हे लपवून ठेवावं असं त्यात काय आहे, असं कोणी विचारेल. त्यात काय आहे, तेच आज लिहायला बसलो आहे.

धुळ्याच्या आमच्या शाळेची स्मरणिका निघाली तेव्हा इंग्रजी-इतिहास शिकवणाऱ्या सरांवर लिहायचं काम माझ्याकडं आलं होतं. मी दोन परिच्छेद लिहून दिले. 'करारी बाणा', 'विनोदी स्वभाव' आणि 'विद्यार्थिप्रिय' हे तिन्ही शब्द त्यात आले. सरांनी ते वाचलं असतं तर म्हणाले असते, "शास्त्रीबुवा, हा गृहस्थ कोण? एकदा भेटायला हवं."

मला ते शास्त्रीबुवा म्हणत. मी भडगावकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, संस्कृत घेऊन बी.ए. झालो हाच आमच्या गावात चमत्कार होता. धुळ्याच्या त्या हायस्कुलात लागलो तेव्हा जागा टेंपररी होती आणि भाड्याच्या खोलीत एक खाट, एक कंदील आणि शब्दरूपावली एवढाच संसार. शास्त्रीबुवा म्हणण्यासारखं माझ्यात काही नव्हतं. सरांना ते माहीत होतं, म्हणून तर म्हणत.

सर बेने इस्राएल होते. म्हणजे यहुदी, पण कोकणातले, घरी मराठी बोलणारे. धुळ्यात पुष्कळांना हे शेवटपर्यंत उमगलं नाही. कोणी त्यांना पारशी समजे, कोणी बोहरी, आणि ज्यांच्याकडं ते खोली घेऊन राहत त्या मारवाडी घरमालकांची समजूत अशी होती की हे कोकणातले कोणीतरी निराळ्या जातीचे ब्राह्मण असावेत, कारण मटण खात नाहीत. सर मटण खात नसत ते धुळ्यात त्यांच्या पद्धतीनं कापणारा कोणी नव्हता म्हणून. "धुळ्यानं मला शाकाहारी केलं," ते म्हणत. "आमच्या मोशे प्रेषिताला वाळवंटात जे चाळीस वर्षांत जमलं नाही ते तुमच्या वांग्याच्या भरतानं दोन महिन्यांत केलं." कळण्याची भाकरी आणि भरीत त्यांना फार आवडे. दूध मात्र भाकरीबरोबर चालत असूनही ते वेगळं, नंतर पीत. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "आमच्यात मटणाबरोबर दूध चालत नाही. सवय मोडायला नको. उद्या मटण मिळालं तर?"

उन्हाळ्यातही अंगात काळा कोट. तो कोट पाहून दगडू शिपायालाच घाम फुटायचा.

धुळ्याला येण्याआधी सर मुंबईच्या एका यहुदी हायस्कुलात मास्तर होते. लहानपणी शिकलेही तिथंच. त्यांचं प्रत्येक तिसरं वाक्य 'आमच्या शाळेत' अशा शब्दांनी सुरू व्हायचं. आमच्या शाळेत पहिला तास हिब्रूचा. आमच्या शाळेत शुक्रवारी दुपारी लवकर सुटी, शनिवारी शाळा बंद, रविवारी पूर्ण वेळ. आमच्या शाळेत भूमिती सकाळी, कारण दुपारी यहुदी मुलगासुद्धा गाढव होतो. रविवारी शाळा भरवण्याची सूचना त्यांनी आमच्या हेडमास्तरांपुढं गंभीरपणे मांडली होती. हेडमास्तरांनीही तितक्याच गंभीरपणे ती शिक्षकसभेच्या विषयपत्रिकेवर घेतली आणि पुढच्या सभेपर्यंत तहकूब केली. दर सभेला ती तहकूब होत असे. आमच्या हेडमास्तरांनी आयुष्यात कशालाही नाही म्हटलं नाही.

मुंबईच्या त्या शाळेचं वेळापत्रक सरांना पाठ होतं. आणि पाठ होतं म्हणजे ते त्याच वेळापत्रकात राहत होते. मधल्या सुटीत आम्ही शेंगा फोडत बसलेले असलो की घड्याळाकडं बघून म्हणायचे, "आत्ता तिथं सातवीला हिब्रूत राजांचा ग्रंथ चालू असेल. शलमोन राजा देऊळ बांधत असेल." एकदा संध्याकाळी पांझरा नदीच्या काठानं फिरताना मध्येच थांबले. "शेवटची घंटा झाली," म्हणाले, आणि मग चालू लागले.

ती शाळा त्यांनी सोडली ती अभ्यासक्रमावरून. पालकांना इंग्रजी आणि सायन्स वाढवून हवं होतं, हिब्रू कमी करून हवं होतं. मुलं उद्या गोदीत, रेल्वेत, इस्पितळात नोकऱ्या करणार, त्यांना यिर्मया संदेष्ट्याचा विलाप काय कामाचा, असं म्हणणं. हिब्रूचे तास निम्मे झाले. सर म्हणाले, उरलेल्या निम्म्यांत मी बसत नाही. "सगळ्या यहुद्यांत मी एकटाच जास्त यहुदी निघालो," ते सांगत, "म्हणून मला धुळ्याला पाठवलं. पूर्वी हद्दपार करून बाबिलोनला पाठवत."

पुढं कित्येक वर्षांनी ते मला जळगाव स्टेशनवर भेटले. मी एका कामासाठी जळगावला आलो होतो आणि ते भुसावळकडं कुठंतरी खासगी शिकवण्या करत. अंगावर तोच कोट. मी नमस्कार केला. त्यांनी स्टेशनचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता धुळ्याला नववीला संस्कृत चालू असेल. तुमचा तास." म्हणजे आमची शाळासुद्धा आता त्यांच्या त्या घड्याळात जाऊन बसली होती. एखाद्याला याचा आनंद झाला असता. मी म्हटलं, "आता वेळापत्रक बदललंय, सर." ते बदललं नव्हतं. माझी गाडी लागली होती, ती मात्र खरोखरच लागली होती.

सरांचा इतिहासाचा तास ऐकायला मी कधीकधी बाहेर उभा राहायचो. मिसरचे, म्हणजे इजिप्तचे, पिरामिड आले की म्हणायचे, "हे बांधलं कोणी? आमच्या लोकांनी. मजुरी अजून मिळालेली नाही. पुढं चला." कोकणचा नकाशा काढला की किनाऱ्यावर एक फुली मारायचे. इथं आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. थोडी माणसं पोहून वर आली. पोथ्या, ग्रंथ, सगळं समुद्रात. "एक प्रार्थना तेवढी पाठ होती. ऐक, इस्राएला. बाकी भाषा गेली, सण अर्धवट राहिले, पण शनिवार नाही सोडला. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. लोक म्हणायचे, हे शनिवार तेली. शेकडो वर्षं आमच्या शाळेचा अभ्यासक्रम एवढाच, एक प्रार्थना आणि एक सुटी. नापास कोणी झालं नाही."

मुलं हसायची. सर हसत नसत.

त्यांचा स्वतःचा शनिवार, म्हणजे शब्बाथ, कामाला पूर्ण मनाई असलेला दिवस, मात्र पंचाईतीचा होता. आमची शाळा शनिवारी सकाळची. दर शनिवारी रजा कोण देणार? सरांनी स्वतःशीच एक तह केला होता. शनिवारी शाळेत यायचं, पण चालत. हातात, खिशात काही न्यायचं नाही, म्हणून रुमाल मनगटाला बांधायचा. मुलांना वाटे, सरांचा हात दर शनिवारी मुरगळतो. आणि लिहायचं नाही. एक अक्षरही नाही. हजेरी वर्गाचा मॉनिटर भरे. इंग्रजी आणि इतिहास तोंडी निभावून जाई. तेवढ्यावर दोन वर्षं छान चालली होती.

मग लिया आली.

लियाचे वडील पोस्टात तारमास्तर होते, त्यांची धुळ्याला बदली झाली. पोरगी सरांच्याच त्या मुंबईच्या शाळेत आठवी पास झालेली, आता नववीत. एस.एस.सी.ला एक अभिजात भाषा घ्यायची तर आमच्याकडं संस्कृत आणि अर्धमागधी. तिनं आठवीत हिब्रू केलेलं. संस्कृत घ्यायचं तर वर्ष मागं पडणार, आणि तिला एस.एस.सी. झाल्याबरोबर मुंबईला नर्सिंगला जायचं होतं. जागा मावशीनं तिथल्या मेट्रनशी बोलून ठेवली होती. घरची परिस्थिती अशी की वर्ष वाया घालवणं परवडणार नव्हतं. तारमास्तर स्वतः हे सांगायला आले आणि हेडमास्तरांसमोर टोपी हातात धरून उभे राहिले.

बोर्डाच्या नियमात हिब्रू होतं. सरांनी ते पान उघडून हेडमास्तरांपुढं ठेवलं. हेडमास्तर म्हणाले, "बसतंय, बसतंय. पण एका मुलीसाठी वर्ग कसा काढणार? सात-आठ तरी हवेत. पाहा बुवा, मिळाले तर."

मिळणार नाहीत अशी त्यांची खात्री होती. पण आमच्या मुलांची त्यांना कल्पना नव्हती. माझ्या संस्कृतच्या वर्गात अशी बातमी पसरली की हिब्रूचे पेपर तपासायला अख्ख्या मुंबई इलाख्यात माणूस नाही, त्यामुळं जो बसेल तो पास. शिवाय त्यात 'रामः रामौ रामाः' नाही. आठवडाभरात माझ्या वर्गातली सात मुलं उठून हिब्रूला गेली. त्यांत हुशार एकही नव्हता, पण हजेरीपटावर हुशारी लिहायची पद्धत नसते.

सगळ्यांची वही उलट्या बाजूनं सुरू झाली. त्यातल्या एकाचे वडील एरंडोलहून तावातावानं शाळेत आले. पोरगं उजवीकडून लिहितं म्हणजे उर्दू शिकतं, असा त्यांचा समज. सरांनी त्यांना खुर्ची दिली.

"उर्दू नाही, आबा. ही फार जुनी भाषा. परमेश्वर याच भाषेत बोलला."

"परमेसरले अहिरानी येस नही का?"

सरांनी नीट विचार केला. "येत असणार, आबा. पण परीक्षेला नाही."

आबा समाधानानं परत गेले. जाताना मला म्हणाले, "मास्तर भला माणूस शे. पन डोकं थोडं उन्हानं शे."

सात मुलं गेली तशी माझी शनिवारची एक तासिका रिकामी झाली. त्या तासाला हिब्रूच्या वर्गातून गलका ऐकू आला म्हणून मी डोकावलो. सर खुर्चीजवळ हात मागं बांधून उभे. मुलं मोकाट. मला पाहून सर म्हणाले, "शास्त्रीबुवा, आज फळा फार काळा दिसतोय."

मला वाटलं, फळा धुवायचा आहे. मी दगडूला हाक मारली. त्यानं ओलं फडकं आणून फळा धुतला. सर बघत राहिले. मग म्हणाले, "आता तर आणखीच काळा झाला."

दगडू म्हणाला, "फळा काळाच शे ना, मास्तर. आनखी काय धुवू?"

तेव्हा पहिल्या बाकावरून लिया उठली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, आज शनिवार. सरांना लिहिता येत नाही."

"मग मला सांगायचं, लिही म्हणून."

"तसं सांगताही येत नाही. आपल्याला मना आहे ते दुसऱ्याला कर म्हणायचं नाही. पण फळा काळा आहे, एवढं म्हटलेलं चालतं. मग समोरच्यानं आपलं आपण समजून केलं तर हरकत नाही."

सर खिडकीतून बाहेर बघत होते, जणू हे संभाषण दुसऱ्या गावात चाललं आहे.

मी खडू उचलला. लियानं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं, तिलाही शनिवारी लिहायचं नव्हतं. मी अक्षरं उतरवू लागलो. पहिलं अक्षर मला तिरक्या नांगरासारखं दिसलं, ते पटकन जमलं. उंच मानेचं एक होतं, शेतात उभ्या बगळ्यासारखं, ते बिघडलं. "मान जरा मागं, सर," लिया म्हणाली. मुलं खुशीत. मास्तरला कोणीतरी शिकवतंय हे त्यांना फार दिवसांनी बघायला मिळत होतं.

त्यानंतर दर शनिवारी मी जात असे. सर मला कधीही लिहा म्हणाले नाहीत. "मागच्या बाकावरच्यांना आज ऐकू कमी येतंय," म्हणत. किंवा, "दाविदाच्या स्तोत्राच्या या ओळी डोळ्यांनी बघण्यासारख्या आहेत." एकदा नुसतंच, "डबीत खडू पुष्कळ साठलेत." मी समजून घ्यायचो. माझं अक्षर सुधारलं. सर फळ्याकडं बघून म्हणायचे, "शास्त्रीबुवा, तुमचा हात आमच्या शाळेतल्या रब्बीपेक्षा स्वच्छ आहे. अर्थ कळत नसल्यामुळं असेल." शनिवारच्या त्या तासाला मी माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला मास्तर होतो. मला काहीच येत नव्हतं आणि मी चुकत नव्हतो.

हे सगळं कोणाला माहीत होतं? मुलांना आणि दगडूला. हेडमास्तरांना माहीत नव्हतं, निदान माहीत नसल्याचं ते दाखवत. आणि मी ते सांगितलं नाही, कारण एव्हाना हिशेब माझ्याही लक्षात आला होता. सात मुलं गेल्यानं संस्कृतची एक तुकडी मोडली होती. जूनमध्ये जागा कायम करायची तर तास पुरे हवेत. म्हणजे मी शनिवारी ज्या वर्गात जाऊन मनापासून लिहीत होतो, तो वर्ग टिकला तर माझी नोकरी टिकत नव्हती. हे कळूनही मी जात राहिलो, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. पुढं नोंदवण्यासारखं फारसं नाही.

त्या वर्षीचं इन्स्पेक्शन शुक्रवार-शनिवार होतं. हिब्रूला मान्यता द्यायची की नाही हेही त्यातच ठरायचं होतं. हिब्रूचा तास शुक्रवारी दाखवायचं ठरलं होतं, सरांनीच ते मागून घेतलं होतं. पण इन्स्पेक्टरसाहेब शुक्रवारी सूतकताईच्या वर्गात रमले. टकळीवर स्वतः सूत काढून बघितलं, ते तुटलं, पुन्हा काढलं. हिब्रू शनिवारवर गेलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर हेडमास्तरांनी मला बोलावलं. चहा मागवला. "उद्या तिसऱ्या तासाला तुम्ही मोकळे ना?"

"हो."

"बरं. मोकळा तास म्हणजे विश्रांतीच असते. माणसानं घ्यावी." चहा बशीत ओतून फुंकला. "संस्थेत परवा तुमचा विषय निघाला होता. सगळ्यांना तुम्ही हवे आहात. फक्त तासांचं तेवढं. ती सात मुलं परत आली असती तर काही प्रश्नच नव्हता. पण आता काय, आपल्या हातात थोडंच आहे."

बास, एवढंच. ते मला काहीही कर म्हणाले नाहीत. त्या शाळेत दोन माणसं माझ्याशी सरळ बोलत नसत. एकाला त्याचा धर्म आडवा यायचा आणि दुसऱ्याला त्याची खुर्ची. दोघांचंही न बोललेलं मला एव्हाना बरोबर समजू लागलं होतं.

शनिवारी तिसऱ्या तासाला मी स्टाफरूममध्ये बसून राहू शकलो असतो. तेच बरं झालं असतं. पण पाय सवयीनं उठले. दारात पोहोचलो तर साहेब आणि हेडमास्तर मागच्या बाकावर बसलेले. साहेब वयस्कर, चष्मा कपाळावर, माणूस बरा दिसत होता. सर कोटाची बटणं लावून, मनगटाला रुमाल. मला पाहून त्यांचा चेहरा सैल झाला, हे मी स्पष्ट बघितलं.

"शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "आज फळा फार काळा दिसतोय."

लियानं पुस्तक उघडलं. हेडमास्तर छताकडं बघत होते.

मी मागं वळलो आणि हाक मारली. "दगडू, फडकं आण. फळा पुसून घे."

दगडू माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं फडकं आणलं आणि स्वच्छ असलेला फळा पुन्हा पुसला. फळा पुसून होईपर्यंत वर्गात कोणी हललं नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. सर माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. पहिल्या शनिवारी बघत होते तसंच, हा माणूस खरंच समजत नाही की काय, अशा नजरेनं. मग त्यांना कळलं.

"चला, मास्तर," साहेब म्हणाले. "एक-दोन ओळी लिहून दाखवा. मला लिपी बघायची आहे."

"साहेब, आज मी लिहीत नाही."

"मग कधी लिहिता?"

"सूर्य मावळल्यावर."

साहेब हसले. त्यांना ते आवडलेलं दिसलं. "तुमचा शब्बाथ. मला ठाऊक आहे, मी मुंबईत होतो. त्याला माझी हरकत नाही. पण शनिवारचा तास आहे, मुलांना अक्षर बघायला मिळालं पाहिजे. तुमच्याऐवजी कोणी लिहून देत असेल तर मी तशी नोंद करतो, काम झालं. कोण लिहितं शनिवारी?"

त्यांनी हे अगदी सरळ विचारलं. त्या दोन दिवसांत कोणी सरळ विचारलेला तो एकच प्रश्न. मी दारात उभा होतो. लिया अर्धवट उठली, "सर, ते..."

"बस, लिया," सर म्हणाले. मग साहेबांकडं वळून, "शनिवारी कोणी लिहीत नाही, साहेब. फळा कोराच असतो."

सरांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. तेही शब्बाथाच्या दिवशी, आणि माझ्यासाठी. हेडमास्तर समोर बसले होते. माझं नाव निघालं असतं तर जूनमध्ये माझं काय झालं असतं ते सरांना माझ्याइतकंच माहीत होतं.

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लिहून घेतलं.

सोमवारी सर स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी येऊन बसले, रोजच्यासारखे. शेंगा पुढं केल्या. "शनिवारी तुमची तब्येत बरी नव्हती का?"

"डोकं दुखत होतं, सर."

"वाटलंच मला." आणि शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

हिब्रूला मान्यता मिळाली नाही. सात मुलं परत आली, 'रामः रामौ' जिथं सोडलं होतं तिथूनच सुरू झालं. त्यांना काही दुःख झालं नाही. जूनमध्ये माझी जागा कायम झाली. हेडमास्तरांनी पेढे मागवले आणि सगळ्यांत मोठा सरांना दिला. त्याच महिन्यात सरांनी राजीनामा दिला. कारण काय लिहिलं, असं मी हेडमास्तरांना विचारलं. "प्रकृती," ते म्हणाले. "धुळ्याचा उन्हाळा."

पण जाण्याआधी ते लियाला घेऊन माझ्या खोलीवर आले होते. दहावीत तिला संस्कृत घेण्याखेरीज मार्ग उरला नव्हता, तेही मागची दोन वर्षं न शिकता. सर उंबऱ्याशी उभे राहिले. या वेळी काही आडून बोलले नाहीत.

"हिला शिकवा," म्हणाले.

मी शिकवलं. शाळेत शिकवलं आणि रविवारी तारमास्तरांच्या घरी जाऊनही शिकवलं. तिची आई चहा ठेवून आत जाई. लिया समोर बसे, पाठांतर चोख करी, विचारलं तेवढंच बोले. एकदा तिनं संधी सोडवताना ओळ उजवीकडून सुरू केली, मग खोडली आणि माझ्याकडं न बघता डावीकडून लिहू लागली. मी तिला तेव्हा सांगू शकलो असतो. तिला सगळं माहीत होतं म्हणून सांगायची गरज नव्हती, असं मी स्वतःला पटवत आलो. ते खरं नाही. तिला काय घडलं ते माहीत होतं. मी कबूल करतो की नाही, ते माहीत नव्हतं.

एस.एस.सी.ला ती सगळ्या विषयांत पास झाली आणि संस्कृतात नापास. मार्चमधलं ऑक्टोबरात निघालं, तोवर नर्सिंगची ती जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. मेट्रन बदलली. मग तारमास्तरांची बदली झाली आणि त्यानंतर ऐकलं की ते सगळे इस्राएलला गेले. ती नर्स झाली की नाही, मला ठाऊक नाही. विचारता आलं असतं. सर जळगाव स्टेशनवर भेटले तेव्हा त्यांना ते ठाऊक असणार. मी गाडीकडं धावलो. पुढं सर गेल्याचं कळलं, तेही महिनाभर उशिरा.

लोक मला चांगला शिक्षक म्हणतात. संस्कृतात माझा विद्यार्थी सहसा नापास होत नाही. एक झाली, तिला मी तिच्या स्वतःच्या वर्गातून उठवून माझ्या वर्गात आणलं होतं. लिया, मी तुझं एक वर्ष देणं लागतो.